कृषीकन्या, गावचा सर्व्हे आणि ओजेटीचा शिक्का : कॉलेजचं हे 'करून शिकणं' नेमकं आहे काय?

खरीप सुरू झाला की आपल्याकडच्या गावांत कृषी महाविद्यालयाची मुलं-मुली दिसायला लागतात. ग्रामपंचायतीसमोर रांगोळीने गावाचा नकाशा काढतात, कुणाच्या बांधावर बीजप्रक्रिया करून दाखवतात, शाळेत झाडं लावतात. हिवाळ्यात एनएसएसची शिबिरं येतात. आणि आता त्यात नवीन भर पडली आहे. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ची पोरं पतसंस्थेत, दूध संकलन केंद्रावर, कृषी सेवा केंद्रात येऊन विचारतात, "साहेब, आम्हाला ओजेटी करायचंय. सही-शिक्का मिळेल का?"

आपण माणुसकीच्या नात्याने शिक्का देतो. पोराचं भलं होतंय, आपलं काय जातंय! पण खरंच काही जात नाही का? हे शिक्षण काय आहे, त्याला किती गुण असतात, गावाचा त्यात काय फायदा आणि पालकांनी कुठे लक्ष ठेवायचं, हे सगळं आज सोप्या भाषेत समजून घेऊ.

आधी नाव समजून घ्या

याला सरकारी भाषेत 'अनुभवाधारित शिक्षण' म्हणतात. साधा अर्थ असा, की वर्गात ऐकलेली गोष्ट प्रत्यक्ष करून बघायची, चुकलं तर का चुकलं ते शोधायचं आणि त्यातून शिकायचं. पोहण्याचं पुस्तक वाचून कुणी विहिरीत तरंगत नाही, तसंच हे.

पण नुसतं काम केलं म्हणजे शिक्षण झालं, असंही नाही. अमेरिकेतले अभ्यासक डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये याच विषयावर पुस्तक लिहिलं. त्यांनी चार पायऱ्या सांगितल्या. काम करणं, थांबून त्यावर विचार करणं, त्यातून नियम काढणं आणि तो नियम पुन्हा वापरून बघणं. यातली एक जरी पायरी गळाली तरी शिक्षण अर्धवट राहतं.

मातीच्या नमुन्याचं उदाहरण घ्या. पुस्तकात लिहिलेलं असतं, शेतातून नागमोडी चालत आठ-दहा जागा निवडा, प्रत्येक जागी इंग्रजी 'व्ही' आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्या, कडेची माती खरवडून गोळा करा, एकत्र मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं करत शेवटी अर्धा किलो माती पिशवीत भरा. परीक्षेत हे लिहिलं की गुण मिळाले.

आता समजा, एका मुलाने शेतात जाऊन घाईघाईत बांधाजवळ, झाडाखालून आणि उकिरड्याच्या कडेने माती घेतली. अहवालात सेंद्रिय कर्ब भरपूर आला. शेतकरी म्हणाला, "बाळा, माझ्या रानात पीक पिवळं पडतंय, आणि तुझा कागद म्हणतो जमीन सकस आहे?" इथे खरं शिक्षण सुरू होतं. पालापाचोळा आणि शेणखत पडणाऱ्या जागेची माती साऱ्या शेताचं चित्र दाखवत नाही, हे त्या मुलाला आयुष्यभर लक्षात राहील. पण फोटो काढून तो निघून गेला असता आणि अहवाल शेतकऱ्याला कुणी दाखवलाच नसता, तर? मग काम झालं, शिक्षण नाही झालं.

कृषीदूत, कृषीकन्या येतात त्यामागचं गणित

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही आपल्या राज्यातली चार कृषी विद्यापीठं. त्यांच्याशी जोडलेल्या सरकारी आणि खासगी महाविद्यालयांत बी.एस्सी. कृषी हा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम चालतो. चौथ्या वर्षी मुलांना गावात पाठवतात. बातम्यांमध्ये आपण 'ग्रामीण कृषी जागरूकता व औद्योगिक जोड कार्यक्रम' असं लांबलचक नाव वाचतो, ते हेच. मुलांच्या बोलण्यात त्याला 'रावे' म्हणतात.

पाचव्या डीन समितीच्या शिफारशींनुसार चालत आलेल्या रचनेत चौथ्या वर्षाचं पहिलं सत्र पूर्ण याच कामाचं आहे. २० आठवडे, २० क्रेडिट. त्याची वाटणी अशी :

– पहिला १ आठवडा तयारी आणि ओळख
– ८ आठवडे प्रत्यक्ष गावात, शेतकऱ्यासोबत
– ५ आठवडे कृषी विज्ञान केंद्र, संशोधन केंद्र किंवा महाविद्यालयाच्या विभागात
– २ आठवडे पीक चिकित्सालयात, म्हणजे रोग-किडी ओळखणं आणि उपाय सांगणं
– ३ आठवडे कृषी उद्योगात
– शेवटचा १ आठवडा अहवाल आणि सादरीकरण

त्यानंतरच्या सत्रात आणखी २० क्रेडिटचं काम असतं. त्यात मुलं स्वतः छोटा उद्योग चालवून बघतात. अळिंबी, मधमाशीपालन, बीजोत्पादन, कुक्कुटपालन, अन्नप्रक्रिया, माती-पाणी तपासणी असे विषय निवडता येतात. म्हणजे चौथं वर्ष जवळपास सगळं हातांनी शिकण्याचं. २०२४-२५ पासून सहाव्या डीन समितीच्या शिफारशी लागू व्हायला लागल्या आहेत, त्यामुळे नवीन प्रवेश घेतलेल्या मुलांसाठी रचना थोडी बदलेल. कामावरचा भर मात्र तसाच आहे.

आता गावाच्या बाजूने बघा. एकेका विद्यार्थ्याला एक यजमान शेतकरी दिलेला असतो. त्या शेतकऱ्याच्या रानात काय पेरलं, किती खर्च आला, कोणती कीड आली, याची नोंद मुलाने ठेवायची असते. म्हणजे यजमान शेतकरी हा नुसता पाहुणचार करणारा नाही. तो त्या मुलाचा शिक्षकच आहे. आपल्याकडच्या अनेक शेतकऱ्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

प्रात्यक्षिक वेळेवर हवं

या कार्यक्रमातली सगळ्यात मोठी गोम वेळेची आहे. पेरणी होऊन महिना झाल्यावर बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक दाखवलं, तर शेतकऱ्याच्या हाती काय लागलं? फोटो छान येतो, पण बियाणं तर जमिनीत गेलेलं असतं.

म्हणून मुलं गावात येतील तेव्हा त्यांना विचारा, आत्ता रानात काय चालू आहे त्याचं काय दाखवणार? सोयाबीन, कपाशी उभी असेल तर कीड कशी मोजायची, कामगंध सापळा कुठे आणि किती उंचीवर लावायचा, कोणत्या वेळी फवारायचं, हे दाखवा म्हणा. डाळिंब, द्राक्ष, संत्र्याचा भाग असेल तर बोर्डो मिश्रण दाखवा म्हणा.

बोर्डो हे 'करून शिकण्याचं' फार चांगलं उदाहरण आहे. एक टक्क्याचं मिश्रण म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. ऐकायला सोपं. पण चुना जुना, हवा लागून विरलेला असेल तर तेवढ्याने भागत नाही. मग मिश्रण जमलं की नाही ते कसं कळणार? स्वच्छ लोखंडी सळई किंवा विळ्याचं पातं त्यात थोडा वेळ बुडवायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं राहिलंय, पानं करपतील. आणखी चुन्याची निवळी घालायची. मिश्रण लोखंडी भांड्यात करायचं नाही आणि त्याच दिवशी संपवायचं. हे एकदा हातांनी केलं की मुलगा विसरत नाही आणि बघणारा शेतकरीही विसरत नाही.

बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या मुलांचं काय?

केंद्र सरकारचं नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांमध्ये ते २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांशी संलग्न साध्या महाविद्यालयांमध्ये २०२४-२५ पासून लागू झालं. तालुक्याच्या गावची बहुतेक कॉलेजं या दुसऱ्या गटात मोडतात. म्हणजे २०२४-२५ ला एफ.वाय.ला बसलेली मुलं २०२६-२७ मध्ये तिसऱ्या वर्षाला पोचतात.

या धोरणात तीन नवे शब्द आले. ते नीट समजून घ्या, कारण त्यांना गुण आहेत.

*फील्ड प्रोजेक्ट, म्हणजे क्षेत्र प्रकल्प.* आपल्या विषयाशी जोडलेला एखादा प्रश्न बाहेर जाऊन तपासायचा. साधारण २ क्रेडिट.

*कम्युनिटी एंगेजमेंट, म्हणजे समाज सहभाग.* गावात, वस्तीत लोकांसोबत काम करायचं. साधारण २ क्रेडिट.

*ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे ओजेटी.* एखाद्या संस्थेत, दुकानात, कारखान्यात, कार्यालयात प्रत्यक्ष काम करायचं. साधारण ४ क्रेडिट.

पहिले दोन बहुतेक दुसऱ्या वर्षापासून सुरू होतात आणि ओजेटी तिसऱ्या वर्षी येतं. कोणत्या सत्राला काय, हे विद्यापीठानुसार बदलतं, म्हणून कॉलेजात विचारूनच घ्या. एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षीही दुसऱ्या सत्रात ४ क्रेडिटचं ओजेटी किंवा फील्ड प्रोजेक्ट आहे.

क्रेडिट म्हणजे काय? अशा कामासाठी १ क्रेडिट म्हणजे सत्रभरात ३० तास. २ क्रेडिटला ६० तास, ४ क्रेडिटला १२० तास. दिवसाला सहा तास धरले तर १२० तास म्हणजे २० दिवसांचं पूर्ण काम. अनेक विद्यापीठांत १ क्रेडिटला २५ गुण असतात, म्हणजे ओजेटी १०० गुणांचा विषय झाला. इंग्रजीचा पेपर जेवढ्या गांभीर्याने घेतो, तेवढ्याच गांभीर्याने तो घ्यायला हवा.

हे क्रेडिट मुलाच्या नावावर 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये जमा होतात. त्यासाठी १२ अंकी आयडी असतो आणि तो डिजिलॉकरवरून काढता येतो. पिग्मीच्या खात्यात जसे पैसे साठतात, तसे इथे क्रेडिट साठतात. उद्या कॉलेज बदललं, किंवा घरच्या अडचणीमुळे शिक्षण मध्येच थांबवून पुन्हा सुरू केलं, तर हीच शिल्लक उपयोगाला येते. मुलीचं लग्न झालं आणि सासरच्या तालुक्यात पुढचं वर्ष करायचं असेल, तेव्हाही.

ही काही परदेशातून आलेली टूम नाही

काही जण म्हणतात, हे सगळं अमेरिकेचं खूळ. तसं नाही. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली होती. महात्मा गांधींनी तिथे हाताच्या कामातून शिक्षण देण्याचा विचार मांडला. पुढे तो 'नई तालीम' नावाने ओळखला गेला. सूत काततानाच गणित, भूगोल, इतिहास शिकायचा, अशी ती कल्पना.

त्याच्याही आधी, १९१९ मध्ये, कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे तिचं वाक्य आजही शाळांच्या भिंतींवर दिसतं. शेतात, वसतिगृहात काम करून शिकलेली हजारो मुलं त्या 'कमवा आणि शिका'तून बाहेर पडली. राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे एनएसएस, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली. त्यात मुलाने दोन वर्षांत २४० तास सेवा द्यायची आणि गावात सात दिवसांचं शिबिर करायचं असतं.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचंही उदाहरण घेण्यासारखं आहे. १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी ती सुरू केली. तिथे डॉक्टर व्हायला आलेली मुलं सुरुवातीलाच एका गावात पंधरा दिवस शिबिरात राहतात. एकेका विद्यार्थ्याकडे काही कुटुंबं दिलेली असतात आणि पुढेही त्या घरांशी संबंध ठेवायचा असतो. आता २०२१-२२ पासून देशभरातल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात 'कुटुंब दत्तक' कार्यक्रम आला आहे, तो याच वाटेने जाणारा. बी.एड.च्या दोन वर्षांतही शाळेत २० आठवड्यांचं काम सक्तीचं आहे.

मग नवीन काय झालं? एवढंच, की जे आधी काही ठरावीक कोर्सपुरतं होतं किंवा हौसेने व्हायचं, ते आता साध्या बी.ए.-बी.कॉम.च्या मुलालाही गुणपत्रिकेत आलं. आणि गुण आले की शिक्क्याची घाईही आली.

फुकटच्या शिक्क्याने नुकसान कुणाचं?

समजा, एका पतसंस्थेत बी.कॉम.ची मुलगी ओजेटीला आली. व्यवस्थापक म्हणाले, "रोज येऊन काय करणार? शेवटच्या दिवशी ये, प्रमाणपत्र देतो." मुलगी खूश, संस्था खूश, कॉलेजही खूश.

दोन वर्षांनी तीच मुलगी बँकेत मुलाखतीला बसते. समोरचा विचारतो, "तुम्ही पतसंस्थेत काम केलंय. रोजकीर्द आणि खतावणी यांत काय फरक? कर्ज थकीत कधी धरतात?" मुलगी गप्प. प्रमाणपत्र खरं असतं, पण त्यामागे काही नसतं. शहरातल्या मुलाला काका-मामाच्या ऑफिसात दुसरी संधी मिळेल. आपल्या गावच्या मुलीला ती एकच होती, आणि ती आपणच सोपेपणाने घालवली.

तेव्हा सरपंच, सचिव, दुकानदार, डेअरीचालक, सगळ्यांनी लक्षात ठेवा. ओजेटीच्या कागदावर सही करताना तुम्ही परीक्षक असता. न आलेल्या मुलाला हजेरी देणं म्हणजे कोरा पेपर तपासून गुण देण्यासारखं आहे.

तालुक्यात ओजेटी कुठे होऊ शकतं?

"आमच्याकडे कंपन्याच नाहीत, पोरांनी जायचं कुठं?" ही तक्रार ऐकू येते. पण शिकण्यासाठी एमआयडीसीच लागते असं नाही. मात्र जागा आधी कॉलेजकडून मंजूर करून घ्या.

– *बी.कॉम.* : विविध कार्यकारी सोसायटी, पतसंस्था, बाजार समिती, कर सल्लागाराचं कार्यालय, शेतकरी उत्पादक कंपनी. कीर्द लिहिणं, जीएसटीची बिलं लावणं, आडत आणि तोलाईचा हिशोब समजून घेणं.
– *बी.एस्सी.* : दूध संकलन केंद्र, माती-पाणी तपासणी प्रयोगशाळा, साखर कारखान्याची प्रयोगशाळा, रोपवाटिका. दुधात फॅट आणि एसएनएफ कसं मोजतात, त्यावर दर कसा ठरतो, हे रसायनशास्त्रच आहे.
– *बी.ए.* : सार्वजनिक ग्रंथालय, ग्रामपंचायत, स्थानिक वृत्तपत्र, महिला बचत गटांचा संघ, सामाजिक संस्था. ग्रामसभेचं इतिवृत्त लिहिणं, ग्रंथालयाची नोंदवही संगणकावर आणणं.
– *बी.सी.ए., संगणक शाखा* : आपले सरकार सेवा केंद्र, दुरुस्तीचं दुकान, दवाखान्याची किंवा शाळेची नोंद व्यवस्था.

एक फरक लक्षात ठेवा. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना वेगळी. ती २०२४ मध्ये सुरू झाली, त्यात दरमहा विद्यावेतन मिळतं, पण ती शिक्षण चालू असलेल्या मुलांसाठी नाही. ओजेटी हा अभ्यासक्रमाचा भाग आहे आणि त्यात पैसे मिळतीलच असं नाही. मिळाले तर चांगलंच. पण ओजेटीचं प्रमाणपत्र देण्यासाठी कुणी तुमच्याकडून पैसे मागत असेल, ऑनलाइन 'इंटर्नशिप' घरबसल्या चार दिवसांत करून देतो म्हणत असेल, तर आधी कॉलेजात दाखवा. प्रशिक्षण न देता कागद विकणारे बरेच फिरतात.

६० तासांत काय होऊ शकतं? एक नमुना

फील्ड प्रोजेक्ट म्हणजे नुसता प्रश्नावलीचा गठ्ठा, असं झालंय. "घरात किती माणसं? शौचालय आहे का? गॅस आहे का?" दरवर्षी तेच प्रश्न, त्याच घरात. उत्तर देऊन देऊन लोक कंटाळले, आणि त्या कागदांचं पुढे काय झालं ते कुणाला माहीत नाही.

त्याऐवजी भूगोलाच्या पाच-सहा मुलांनी गावच्या विहिरींची पाणीपातळी मोजायचं ठरवलं तर? प्रत्येकाचे ६० तास असे लावता येतील :

– ६ तास तयारी : गावाचा नकाशा, विहिरींची यादी, मालकांची परवानगी
– १४ तास पहिली मोजणी, जानेवारीत
– १४ तास दुसरी मोजणी, एप्रिलमध्ये
– १२ तास मालकांशी बोलणं : मोटर किती तास चालते, कोणतं पीक, विहीर कधी आटते
– ८ तास तक्ता आणि नकाशा
– ६ तास अहवाल आणि ग्रामसभेत मांडणी

साहित्य किती? एक लांब टेप, त्याच्या टोकाला वजन, वही आणि मोबाइल. पण मोजणीतही शिकण्यासारखं आहे. सकाळी मोटर सुरू होण्याआधी मोजायचं, नाहीतर उपसा चालू असताना पातळी खोटी दिसते. काठापासून पाण्यापर्यंत मोजून त्यातून जमिनीच्या वरच्या कठड्याची उंची वजा करायची, नाहीतर उंच कठड्याची विहीर उगाच खोल वाटते. दोन्ही वेळा काठावरच्या त्याच खुणेपासून मोजायचं. आणि खोल विहिरीवर एकट्याने जायचं नाही, कठडा नसेल तर कडेला वाकायचं नाही.

यातून गावाला काय मिळेल? कोणत्या शिवाराची पातळी जानेवारी ते एप्रिल किती फुटांनी खाली गेली, याचा एक साधा कागद. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी मोजतेच, पण गावातल्या प्रत्येक शिवारात तिची विहीर नसते. हा कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला तर उन्हाळी पीक कुठे घ्यायचं, बंधारा कुठे मागायचा, यावर गाव आकडे समोर ठेवून बोलेल. पुढच्या वर्षीच्या मुलांनी त्याच विहिरी पुन्हा मोजल्या, तर तीन-चार वर्षांत गावाकडे स्वतःची नोंद तयार होईल. खरी किंमत त्या सातत्यालाच आहे.

गावाने काय करायचं?

१. मुलं आली की पहिल्याच आठवड्यात ग्रामपंचायतीत बसवून पूर्ण वेळापत्रक मागा. सोबतच्या प्राध्यापकांचा नंबर घ्या.

२. गावाची एक अडचण त्यांच्यासमोर ठेवा. दहा नाही, एकच. चारा, हुमणी, पाणी, कचरा, जे खरं असेल ते.

३. जाणत्या शेतकऱ्याला, बाईमाणसाला, मेंढपाळाला शिकवायला बोलवा. बियाणं कसं राखायचं हे कित्येकदा घरातल्या आजीला जास्त माहीत असतं. तिलाही प्रश्न विचारू द्या.

४. सर्व्हेला माहिती जरूर द्या, पण आधार क्रमांक, बँक खातं, ओटीपी, अंगठा देऊ नका. अभ्यासाच्या सर्व्हेला यातलं काहीच लागत नाही. कॉलेजचं ओळखपत्र आणि पत्र बघा.

५. जाताना अहवालाची एक प्रत मराठीत मागा. ती दिल्याशिवाय निरोपाचा नारळ नको!

मुलांनी काय करायचं?

रोज रात्री वहीत चार ओळी लिहा. आज काय केलं, काय चुकलं, का चुकलं, उद्या वेगळं काय करणार? कोल्ब यांच्या चार पायऱ्या म्हणजे याच चार ओळी. शेवटी अहवाल लिहायला बसाल तेव्हा इंटरनेटवरून उतरवावं लागणार नाही. तोंडी परीक्षेत आणि नोकरीच्या मुलाखतीत ही वहीच बोलते.

हजेरी रोजच्या रोज घ्या. प्रमाणपत्रावर तारखा, तास आणि केलेलं काम स्पष्ट लिहून घ्या. आणि सत्र संपल्यावर आपल्या खात्यात क्रेडिट जमा झाले का, ते स्वतः बघा.

पालकांनी काय विचारायचं?

मुलगी ओजेटीला कुठे जाते, किती ते किती, परत येताना एसटी आहे का, सोबत कोण, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. पण काळजीपोटी "जाऊच नको, कागद आणून देतो" असं करू नका. त्यापेक्षा कॉलेजला सांगून जवळची जागा, मैत्रिणींसोबत जागा मागा. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळापासून संरक्षण देणारा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थी मुलींनाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे. छोट्या दुकानासाठी, कार्यालयासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. मुलीला हे आधीच सांगून ठेवा.

आणि मुलगा ओजेटीहून आला की एकच प्रश्न विचारा, "आज काय शिकलास, मला करून दाखव." दुधाचं फॅट असो, कीर्द असो की माती. दाखवता आलं तर शिक्षण झालं. नाही आलं, तर कॉलेजात जाऊन चौकशी करायची वेळ झाली.

(माहिती उपयोगाची वाटली तर गावाच्या ग्रुपवर, विशेषतः ग्रामपंचायत सदस्य, सोसायटीचे सचिव आणि कॉलेजला जाणाऱ्या मुलांच्या पालकांपर्यंत पोचवा.)